गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय का? एमआरआयच्या आधी, मशीनमधे अन् रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं

परवा गंगाखेडकडून एक पोरगा आला, बापाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत, हातातल्या चिठ्ठीवर फक्त "एमआरआय उजवा गुडघा" एवढंच लिहिलेलं. काय झालं रे विचारलं तर म्हणे काही नाही ताई, मुरगळलाय. बाप म्हणाला, "चार दिस झाले, सूज उतरंना." मग मी जवळ बसून नीट विचारलं तेव्हा हळूहळू निघालं, कबड्डीची मॅच होती, रेड मारून परत फिरताना पाय मातीत रुतला तो तिथंच राहिला अन् अंग फिरलं, आतून कट्कन आवाज आला, खाली बसला तो उठताच येईना, अन् घरी पोचेस्तोवर गुडघा टम्म फुगला. एवढं सगळं मी चिठ्ठीच्या मागं पेनानं लिहिलं अन् आत रेडिओलॉजिस्ट सरांच्या, म्हणजे फोटो वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांच्या, टेबलावर नेऊन ठेवलं. मशीनमधे पाय जायच्या आधीच त्या चार ओळींनी अर्धं काम केलं होतं.

मी लातूरला एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली, माहेर अंबाजोगाईचं. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण रोज गुडघे बघते, कबड्डीचे, तालमीतल्या पोरांचे, पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे डांबरी रोडवर पळणाऱ्यांचे, बाइकवरून पडलेल्यांचे, ऊसतोडीला जाऊन मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून घसरलेल्यांचे, अन् एक गोष्ट बघून जीव तुटतो, की लोक उसनेपासने पैसे करून एमआरआय काढतात पण मशीनला विचारायचा प्रश्नच सोबत आणत नाहीत. एमआरआय म्हणजे फोटो आहे. फोटोत काय शोधायचं ते तुमच्या पडण्याच्या गोष्टीवरून अन् डॉक्टरांच्या हातावरून ठरतं. म्हणून पहिली पायरी घरीच करायची.

आधी कागदावर लिहून काढा

वहीचं एक पान घ्या अन् पडल्या दिवशीच लिहा, कारण पंधरा दिवसांनी सगळंच "मुरगळलं" होतं. पाय जमिनीवर टेकलेला होता का हवेत? अंग कुठल्या बाजूला फिरलं? कुणी येऊन धडकलं का, अन् धडकलं तर गुडघ्याच्या बाहेरून का आतून का समोरून? आवाज आला का? सूज किती वेळात आली? त्यानंतर चालता आलं का?

ह्या प्रत्येक प्रश्नामागं कारण आहे. गुडघ्यात मेन चार लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या. आत मधोमध दोन, एकमेकींना फुली मारून, पुढची एसीएल अन् मागची पीसीएल, आणि दोन्ही अंगाला एकेक, आतल्या बाजूला एमसीएल, बाहेरच्या बाजूला एलसीएल. शिवाय मांडीचं हाड अन् नडगीचं हाड ह्यांच्या मधे दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात, आपल्याकडं लोक "गादी फाटली" म्हणतात ती हीच.

पाय रुतला, अंग फिरलं, किंवा उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळला, अन् धक्का कुणी दिलाच नाही, अशी गोष्ट असली की डोक्यात पहिलं नाव एसीएलचं येतं. बाहेरच्या अंगानं कुणी गुडघ्यावर येऊन पडलं, कुस्तीत होतं तसं, की आतली एमसीएल ताणते. बाइकवरून पडून वाकलेला गुडघा सरळ रस्त्यावर आपटला, किंवा गाडीत समोरच्या डॅशबोर्डावर आदळला, की नडगीचं हाड मागं ढकललं जातं अन् पीसीएल जाते. उकिडवं बसून उठताना पिळा पडला अन् नंतर गुडघा मधेच अडकतो, सरळच होत नाही, तर गादीकडं बघायचं.

सुजेची वेळ तर फार मोलाची. दोन-चार तासांत गुडघा टम्म झाला म्हणजे आत बहुतेक रक्त साचलंय, अन् तरुण खेळाडूत असं झालं की एसीएलचा संशय धरायचाच. दुसऱ्या दिवशी हळूहळू सूज आली तर गादीची शक्यता जास्त. हे काही शंभर टक्के नाही, पण फोटो वाचणाऱ्याला ह्यातून दिशा मिळते.

पहिले काही दिवस अन् डॉक्टरांचा हात

बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनचारदा, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, अन् खेळ एकदम बंद. चोळायचं नाही, गरम शेकायचं नाही, कुणाकडून ओढून घ्यायचं नाही. हे मी जोर देऊन सांगते कारण माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा गुडघा असाच गेला. तेव्हा मी ह्या लाईनला नव्हते, घरात कुणालाच कळत नव्हतं, गावात मालीश करून घेतली, आठवडाभरात सूज उतरली, चालायला लागला, सगळे म्हणाले बसला बघ जाग्यावर. पण पायऱ्या उतरताना मधेच गुडघा निसटायचा, दगा द्यायचा. अकरा महिने तसाच हिंडला, शेतात काम केलं, दोनदा परत पडला. शेवटी एमआरआय काढला तर एसीएल जुनीच तुटलेली होती अन् त्या निसटण्या-निसटण्यात आतली गादीही फाटून मधे येऊन अडकली होती. पहिल्या महिन्यात काढला असता तर गादी वाचायची बरीच शक्यता होती. सूज उतरणं म्हणजे लिगामेंट जुळणं नाही, हे आमच्या घराला असं कळलं.

हाडाच्या डॉक्टरांकडं गेलात की ते आधी हातानं तपासतील, तपासलं नाही तर तुम्हीच म्हणा की साहेब एकदा हात लावून बघा. गुडघा २० ते ३० अंशात वाकवून एका हातानं मांडी धरतात अन् दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढतात, ह्याला लॅकमन टेस्ट म्हणतात. चांगल्या गुडघ्यात ओढलं की खट्ट करून थांबल्यासारखं लागतं, एसीएल गेलेल्यात ते थांबणंच मिळत नाही, नडगी मऊमऊ पुढं येत राहते. दोन्ही गुडघे तपासून तुलना करतात, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. ताजा सुजलेला, दुखरा गुडघा पोरगं आवळून धरतं तेव्हा हाताला नीट कळत नाही, मग सात-दहा दिवसांनी परत तपासावं लागतं. त्याचा कंटाळा करू नका.

एक्सरे एमआरआयच्या आधी काढायचा. एक्सरेत लिगामेंट दिसत नाही हे खरं, पण हाड मोडलंय का ते दिसतं, अन् चार पावलंही टाकता येईनात किंवा गुडघा ९० अंशात वाकंना तर एक्सरे लागतोच. कधीकधी नडगीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या कडेला हाडाची बारीकशी कपची सुटलेली दिसते, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिला सेगाँ फ्रॅक्चर म्हणतात, पॉल सेगाँ नावाच्या फ्रेंच सर्जननं १८७९ साली लिहून ठेवलेलं, म्हणजे एक्सरेचा शोध लागायच्याही आधी. ती कपची दिसली की एसीएल बहुतेक तुटलेलीच असते. अन् बारा-तेरा वर्षांचं लेकरू सायकलवरून पडलं असेल तर त्याच्यात दोरी तुटायच्या ऐवजी दोरी जिथं चिकटलेली असते तो हाडाचा तुकडाच उपटून येऊ शकतो, तोही एक्सरेत सापडतो.

आता जे थांबवायचं नाही ते. गुडघा सरळसरळ जाग्यावरून सरकलेला दिसतोय, पाऊल थंड पडलंय, बधिर झालंय, पाऊल वर उचलता येत नाही, तर एमआरआयच्या नंबराची वाट बघत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. गुडघ्याच्या मागून पायाची मेन रक्तवाहिनी जाते, तिला मार बसला असेल तर हातात तास असतात, दिवस नाही. तसंच गुडघा लाल, गरम अन् ताप, तेही लगेच.

आणि साठीच्या आई-आजीचे गुडघे दुखतात म्हणून आधी एमआरआय, हे शक्यतो करू नका. त्यांच्यासाठी उभं राहून काढलेला एक्सरे आधी. त्या वयात एमआरआय काढला तर गादी फाटलेली बरेचदा दिसते, दुखत नसलेल्या माणसातही दिसते, अन् मग घरभर उगीच घोर लागतो.

सेंटर ठरवताना

फोनवर भाव विचारायच्या आधी मशीन किती टेस्लाचं ते विचारा, टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप. १.५ टेस्लाचं मशीन गुडघ्याला चांगलं पुरतं, ३ टेस्ला असलं तर अजून बारीक दिसतं पण त्यासाठी मुद्दाम पुण्याला जायची गरज नाही. ०.३ च्या आसपासची उघडी मशीनं असतात, त्यांत मोठा मार दिसतो, बारीकसारीक सुटू शकतं. दुसरं विचारा, गुडघ्याची वेगळी कॉइल आहे का. कॉइल म्हणजे गुडघ्याभोवती बसवायचं नळकांड्यासारखं यंत्र, सिग्नल तीच पकडते, ती नीट नसेल तर महागडं मशीनही धूसर फोटो देतं. तिसरं, रिपोर्टासोबत सीडी मिळणार का. मग भाव. दोन-तीन ठिकाणी विचारा, फरक असतो. सरकारी दवाखान्यात, जसं संभाजीनगरला घाटीत, नंबर लागायला वेळ जाऊ शकतो पण खर्च खूप कमी पडतो, अन् ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले योजनेत बसतं का हे आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात त्या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारून घ्यायचं, रेशनकार्ड अन् आधार सोबत ठेवायचं.

साध्या लिगामेंटच्या एमआरआयला कॉन्ट्रास्टचं, म्हणजे फोटोत काही भाग उठून दिसावा म्हणून द्यायच्या औषधाचं, इंजेक्शन बहुतेक लागत नाही. उपाशी यायचीही गरज नाही, लोक परभणीहून पहाटे निघून दुपारपर्यंत रिकाम्या पोटी बसतात, बघवत नाही, खाऊन या. आधीचा एक्सरे, जुना एमआरआय, ऑपरेशनचे कागद अन् ते वहीचं पान घेऊन या.

लोखंड, चांदी, ताईत

हे वरवर वाचू नका. एमआरआयचं चुंबक रात्रंदिवस चालूच असतं, मशीन "बंद" असलं तरी. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या तीस हजार पट. जानेवारी २०१८ मधे मुंबईत एका दवाखान्यात ऑक्सिजनचं सिलेंडर घेऊन आत गेलेल्या पेशंटच्या नातेवाइकाचा जीव गेला, सिलेंडरसकट माणूस मशीनकडं ओढला गेला. म्हणून आम्ही दारात अडवून चारचारदा विचारतो तेव्हा राग धरू नका.

मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, कानातलं, केसातल्या पिना, करदोडा, त्याला अडकवलेली किल्ली, गळ्यातला ताईत, खिशातली चिल्लर, तंबाखूची डबी, मोबाइल, एटीएम कार्ड, घड्याळ, सगळं बाहेर. जोडवी निघत नसतील तर घरीच साबण लावून काढून या, सेंटरवर ऐनवेळी बाया रडकुंडीला येतात. ताईत काढायला मन धजत नाही हे मला समजतं, सोबतच्या माणसाच्या हातात द्या, वीस-तीस मिनिटांचा प्रश्न आहे.

न विचारता स्वतःहून सांगायच्या गोष्टी अशा: छातीत पेसमेकर, कानात बसवलेलं कॉक्लियर यंत्र, मेंदूच्या ऑपरेशनची क्लिप, अंगात छर्रा किंवा लोखंडी कण, अन् पोटुशी असाल किंवा पाळी चुकली असेल तर तेही. वेल्डिंगचं, ग्राइंडरचं काम करणाऱ्यांनी तर आवर्जून सांगायचं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, कारण तो आत राहिलेला असला अन् चुंबकानं हलला तर डोळा जाऊ शकतो. पायात आधीचा रॉड किंवा प्लेट असेल तर बहुतेकदा अडचण येत नाही, पण कुठल्या धातूचा ते कागद बघून ठरवतात, अन् गुडघ्याजवळच असेल तर फोटोत तिथं काळा डाग पडून आजूबाजूचं झाकलं जातं.

मशीनमधे

पाय आधी जातात, डोकं बहुतेकांचं बाहेर किंवा अगदी तोंडाशी राहतं, म्हणून ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनाही गुडघ्याचा एमआरआय जमतो. आम्ही गुडघा किंचित वाकवून, पाऊल जरासं बाहेरच्या बाजूला वळवून कॉइलमधे बसवतो, वाटी बरोबर मधोमध, बाजूनं फोम भरतो. ह्या बसवण्यावर फार काही आहे. गुडघा अवघडलेला असेल, खालून दुखत असेल, तर तेव्हाच सांगा, सुरू झाल्यावर नाही. फोम अजून घालता येतो, उशी बदलता येते.

मग आवाज सुरू होतो, ठकठक, घर्रर्र, मधेच थांबून परत. कानात बोळे देतो. हे क्ष-किरण नाहीत, गुडघ्यातल्या पाण्यातला अन् चरबीतला हायड्रोजन चुंबकात एका दिशेला लागतो, रेडिओ लहरींनी त्याला हलवायचं अन् तो परत जाग्यावर येताना जो सिग्नल देतो तो पकडायचा, असं ते काम. फोटो गठ्ठ्यागठ्ठ्यानं निघतात, एका गठ्ठ्याला सिरीज म्हणतात, एकेक सिरीज तीन-चार मिनिटांची. त्या तीन-चार मिनिटांत पाय जरा हलला तरी सगळी सिरीज पाण्यात दगड टाकल्यावर सावली मोडते तशी मोडते, अन् मग अर्धवट फाटलंय का पूर्ण, हे सांगणं अवघड जातं. खोकला येणार असेल तर दोन सिरीजच्या मधे खोका. हातात एक रबरी फुगा देतो, तो दाबला की आम्ही लगेच थांबवतो, पाय न हलवता.

सीडी लावून स्वतः बघायचं असेल तर

रिपोर्ट डॉक्टरच वाचणार, पण आपल्याच गुडघ्यात काय झालंय हे डोळ्यानं दिसलं की माणूस पुढचे नऊ महिने व्यायाम जास्त मन लावून करतो, हे मी बघितलंय. म्हणून सांगते कसं बघायचं. सीडी कंप्युटरला लावली की बहुतेक तिच्यातच बघायचं सॉफ्टवेअर असतं. सिरीजच्या यादीत "सॅजिटल पीडी फॅट सॅट" शोधा.

आधी रंगाचा हिशोब. ह्या सिरीजमधे पाणी, रक्त, सूज पांढरी. चरबी काळपट. लिगामेंट अन् गादी काळी. हाड करडं-काळं. म्हणजे जिथं काळं पाहिजे तिथं पांढरं आलं की तिथं थांबायचं.

सॅजिटल म्हणजे गुडघ्याच्या बाजूनं केलेल्या चकत्या, काकडीच्या करतो तशा, साधारण ३ ते ४ मिलीमीटर जाडीच्या. माउसनं एकेक पुढं सरकवा. ज्या टोकाला पोटरीच्या बाजूचं बारीक हाड दिसतं ती बाहेरची बाजू, तिथून सुरू करा. पहिल्या दोन-तीन चित्रांत दोन हाडांच्या मधे काळा डमरू आडवा ठेवल्यासारखा दिसेल, ती बाहेरची गादी. पुढं सरकलं की डमरू मधे तुटतो अन् एकमेकांकडं टोक केलेले दोन काळे त्रिकोण उरतात, हे बरोबर आहे, असंच पाहिजे. त्रिकोणाच्या पोटात करडा डाग असेल पण तो वरच्या-खालच्या कडेपर्यंत पोचत नसेल तर ती फाट नव्हे. पांढरी रेघ कडेपर्यंत येऊन बाहेर फुटली तर फाट.

अजून मधे सरका. आता मांडीच्या हाडाच्या दोन गोळ्यांमधली खाच आली, अन् तिच्यात मागून-वरून पुढं-खाली उतरणारी तिरपी पट्टी दिसायला पाहिजे. ती एसीएल. लांबीला जेमतेम तीनेक सेंटीमीटर, करंगळीसारखी. अगदी काळीकुट्ट नसते, मधून बारीक करड्या रेघा असतात, खालच्या टोकाला जास्त, त्यानं घाबरायचं नाही. बघायचं ते हे, की पट्टी वरपासून खालपर्यंत सलग आहे का, अन् खाचेच्या छताशी समांतर, ताठ उभी आहे का. तुटलेल्या एसीएलची पट्टी मधेच हरवते, तिथं पांढरा ढगाळ गोळा दिसतो, किंवा ती आडवी लोळलेली असते, तुटलेली दावण गोठ्यात पडलेली असते तशी. जुन्या तुटलेल्यात कधी खाच रिकामीच दिसते, कधी व्रण होऊन दोरी सलग असल्याचा भास होतो, अन् इथं डोळा फसतो.

तिच्या लगोलग पुढच्या चकत्यांत पीसीएल येते, ही मात्र जाड, काळीकुट्ट अन् विळ्यासारखी वाकलेली. एसीएल नसली की नडगी पुढं सरकते अन् हा विळा जास्तच वाकडा होतो. पीसीएलच्या खाली तिच्यासारखीच दुसरी काळी पट्टी समांतर दिसली तर ती बहुतेक फाटून मधे आलेल्या गादीची कड आहे, बादलीच्या कडीसारखी उलटून आलेली. माझ्या भावाच्या फिल्मवर हेच होतं. असा गुडघा अडकलेला असतो अन् त्याला फार थांबायचं नसतं.

आता परत बाहेरच्या बाजूच्या चकत्यांवर या अन् हाडांकडं बघा. एसीएल तुटते त्या क्षणी नडगी पुढं निसटते अन् तिची मागची कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्यावर मधोमध आदळते. दोन पितळी भांडी एकमेकांवर आपटली की दोन्हींना पोचा पडतो, तसं. फोटोत हाडाच्या आत दोन पांढरे डाग दिसतात, एक वर गोळ्यात, एक खाली नडगीच्या मागच्या भागात. एक्सरेत ह्यातलं काहीच दिसत नाही. गंगाखेडच्या त्या पोराच्या स्क्रीनवर हे दोन डाग मी पहिल्यांदा बघितले, पट्टीपर्यंत पोचायच्या आधी, अन् त्याची गोष्ट आठवली, पाय रुतला अन् अंग फिरलं. हे डाग काही आठवडे ते काही महिने राहतात, म्हणून मार ताजा आहे का जुना हेही त्यावरून कळायला मदत होते. डाग वाटीच्या आतल्या कडेला अन् मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेला असतील तर गोष्ट वेगळी, तिथं वाटी सरकून परत बसलेली असते, अन् तेही पोरं "मुरगळलं" म्हणूनच सांगतात.

कोरोनल सिरीज समोरून केलेल्या चकत्या. आतल्या अंगाला मांडीच्या हाडापासून नडगीवर बरीच खाली उतरणारी काळी बारीक दोरी म्हणजे एमसीएल. तिच्या भोवती नुसतं पांढरं पण दोरी सलग, तर ग्रेड १. दोरी जाड, काही धागे तुटलेले, तर ग्रेड २. आरपार तुटली तर ग्रेड ३. बाहेरची एलसीएल तिरपी जाते म्हणून एकाच चित्रात पूर्ण येत नाही, दोन-तीन चित्रं जोडून बघावी लागतात.

रिपोर्टमधले शब्द

"जॉइंट इफ्यूजन" म्हणजे गुडघ्यात पाणी किंवा रक्त. "मॅरो एडिमा" किंवा "बोन कन्ट्यूजन" म्हणजे ते हाडातले पांढरे डाग, फ्रॅक्चर नव्हे. "स्प्रेन" म्हणजे ताण. "एव्हल्शन" म्हणजे हाडाच्या तुकड्यासकट उपटलं. गादीचं "ग्रेड १ किंवा २ सिग्नल" वाचून लोक मला रात्री फोन करतात, ती फाट नाही, कडेपर्यंत पोचलेलं ग्रेड ३ म्हणजे फाट. "म्युकॉइड डिजनरेशन" वेगळंच, त्यात एसीएल फुगलेली, पांढरट दिसते पण धागे सलग असतात, चाळिशी-पन्नाशीत मिळतं, ते तुटणं नव्हे.

"पार्शल टेअर", म्हणजे अर्धवट फाट, ह्या शब्दाशी मात्र जपून. पूर्ण तुटलेली एसीएल एमआरआय शंभरात नव्वदच्या आसपास बरोबर पकडतो, पण अर्धवट किती अन् उरलेले धागे कामाचे आहेत का, हे फोटो नीट सांगू शकत नाही, कारण फोटोत गुडघा आडवा, ढिला, स्थिर असतो, पळत नसतो. लिगामेंट चुंबकाच्या दिशेशी साधारण ५५ अंशात आलं तर काही सिरीजमधे ते खोटंच उजळ दिसतं, रेडिओलॉजिस्ट म्हणूनच दुसऱ्या सिरीजमधे ताडून बघतात. तेव्हा रिपोर्टात पार्शल लिहिलंय अन् डॉक्टरांच्या हाताला गुडघा पूर्ण सैल लागतोय, तर हाताचं जास्त मानायचं. उलटही होतं, रिपोर्टात पूर्ण टेअर पण गुडघा घट्ट. अशा वेळी डॉक्टरांना रेडिओलॉजिस्टशी फोनवर बोलायची विनंती करा, बहुतेक डॉक्टर करतात.

म्हणून रिपोर्ट घेऊन गेलात की "ऑपरेशन लागणार का" एवढंच विचारून उठू नका. विचारा, तपासताना गुडघा किती सैल लागला? गादी सोबत फाटलीय का, फाटली असेल तर शिवता येण्यासारखी आहे का? मला खेळायचंय, भरतीला पळायचंय, का शेतात काम करायचंय, त्यानुसार काय बदलतं? एकटी एमसीएल बहुतेकदा पट्ट्यावर अन् व्यायामावर जुळते. एकट्या पीसीएललाही बरेचदा ऑपरेशन लागत नाही. एसीएल पूर्ण तुटली तरी प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, पण गुडघा वारंवार निसटत असेल किंवा रेड मारायच्या खेळात परत जायचं असेल तर बहुतेक डॉक्टर नवीन दोरी बसवायला सांगतात, अन् मैदानात परत यायला साधारण नऊ महिने धरायचे. त्या पोराच्या बापानं दारातच विचारलं, "भरती दोन महिन्यांवर आलीय, पळंल का?" मी म्हटलं, दादा, हे डॉक्टरांना विचारा, पण त्याला तोपर्यंत पळू देऊ नका, गादी अजून शाबूत दिसतीय, तेवढी सांभाळा.

अन् सीडी सांभाळा. फिल्म घडी घालून कोंबायची नाही, पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात गरम होते तिथं ठेवायची नाही, तिच्यावर ओरखडे पडले की नवीन डॉक्टर परत काढायला सांगतील. सीडीतलं सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मोबाइलनं काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही. पुढं कधी परत एमआरआय काढायची वेळ आली तर ही जुनी सीडी टेक्निशियनच्या हातात पहिल्यांदा द्या, स्कॅन सुरू व्हायच्या आधी.